एक, दोन, दोन्ही, बंद

ती. स्व. दादांना,

आमच्या बोटीतल्या हलत्या टेबलावरून (बोट हलते आहे, मी नाही) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? आम्ही उभयता ठीक. बोटही ठीक. इंजिन मात्र सुरू होत नाही, आणि का होत नाही हे मला समजावून सांगेल अशा माणसाच्या मी शोधात आहे.

तुम्ही मागच्या खेपेला दोन बॅटऱ्या बसवून गेलात आणि तीनतीनदा बजावलंत की डावीकडची घराची. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, रेडिओ सगळं तिच्यावर. उजवीकडची फक्त इंजिन सुरू करायला, एरवी तिच्या वाटेला जायचं नाही. आणि मधे तो गोल खटका: एक, दोन, दोन्ही, बंद. मी मान डोलावली. (दादा, मी चौतीस वर्षं कुलपांच्या कंपनीचा फिरता विक्रेता होतो. समोरचा बोलत असला की मान डोलवायची, ही धंद्याची सवय. समजण्याशी तिचा संबंध नाही.) ती सगळी वर्षं कंपनीच्या मर्जीने हिंडलो. आता एकदा स्वतःच्या मर्जीने वरच्या तळ्यापर्यंत जावं, एवढी एकच हौस उरली आहे. तिकडे नेणाऱ्या कालव्याचा दरवाजा या तीस तारखेला बंद होतो, तो थेट पुढच्या वर्षी उघडतो. आज एकोणीस तारीख. म्हणून हा जीव टांगणीला लागलाय.

दोन महिन्यांपूर्वी निघायचं म्हणून किल्ली फिरवली, तर इंजिन 'टक्' म्हणालं आणि गप्प बसलं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. धक्क्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने मीटर लावला. बारा व्होल्टची बॅटरी, आकडा बारा, मी खूश! मिस्त्रीने माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच शर्टाची बटणं नीट लागली आहेत का ते तपासावंसं वाटलं. म्हणे भरलेली बॅटरी पावणेतेराच्या आसपास दाखवते, बारा म्हणजे जवळजवळ रिकामी. मग तिला बारा व्होल्टची का म्हणतात, असं मी सरळ विचारलं. त्याने दोन्ही बॅटऱ्या उचलून दुकानात नेल्या, भरून दोन दिवसांनी आणून दिल्या. आठवड्याने पुन्हा 'टक्'.

मग मी डोकं चालवलं. (चालवायला नको होतं.) एकटीला झेपत नाही तर दोघी मिळून ओढतील, म्हणून उजवीकडची तेवढी भरून आणली आणि खटका 'दोन्ही'वर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी इंजिन तर सोडाच, पंखाही आचके देऊ लागला. मिस्त्री म्हणाला, भरलेलीने रिकामीला पाजलं, आणि वर तुमच्या पंख्यालाही. हे त्याने मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मी मान डोलावली.

खरा उलगडा परवा झाला. सकाळी चहा घेऊन आत वळलो, तर तुमची भगिनी खटका 'एक'वरून 'दोन'वर करते आहे! विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "आज उजवीचा वार आहे." दादा, तिने बॅटऱ्यांना वार वाटून दिले आहेत! घरात मुलींना भांडी घासायचे वार होते, तसे. मी तुमची सगळी शिकवण (आठवली तेवढी) ऐकवली. ती म्हणाली, "एकीने दिवसभर राबायचं आणि दुसरीने दहा सेकंद अंग मोडून पुन्हा आडवं व्हायचं, हा कुठला न्याय?" आणि हे बोलताना ती बॅटरीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. खरं सांगतो, क्षणभर मलाही ते पटलं, आणि तेव्हापासून माझा गोंधळ वाढलाच आहे.

असो. घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावं.

आपला, काठाला बांधलेला,
मेव्हणा

ता. क. पंचवीस तारखेच्या आत तुम्ही स्वतः या आणि तिला समजावा. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. तळं यंदा राहिलं तर मला फार वाईट वाटेल, दादा. पुढच्या वर्षाचा या वयात काय भरवसा?

ता. क. दुसरा. मी तक्रार केली हे तिला अजिबात कळता कामा नये. (पत्र टाकायला तिच्याकडेच देतो आहे. पेटी तिच्या वाटेवर आहे, आणि पाकीट चिकटवायचं राहिलंय.)

ता. क. तिसरा, माझा. दादा, पाकीट चिकटवते आहे. तू बॅटऱ्यांचं सांगत होतास तेव्हा हे मान डोलवत होते, ऐकत मी होते. चौतीस वर्षं हे महिन्यातून चार दिवस घरी यायचे, तेही बॅग भरायला. एकदा निघाले की यांचं लक्ष पुढच्या गावावर. मग मी बरोबर असले काय नि नसले काय. एका जागी बांधलेला नवरा मला पहिल्यांदाच मिळालाय. सकाळी उठते तर समोर असतो, मिस्त्रीवर चिडलेला. मला फार बरं वाटतं रे. यांची तब्येत ठणठणीत आहे, तळंही कुठे पळून जात नाही. पुढच्या वर्षी दरवाजा उघडला की दोन्ही बॅटऱ्या मीच भरून ठेवीन आणि किल्लीही मीच फिरवीन. तू जरूर ये. एकतीसला ये.