धन्यवाद, सर!

८ फेब्रुवारी
सुचलं! कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात या वर्षी मूर्ती मांडायच्या नाहीत, फोडायच्या! प्रयोगाचं नाव 'कलाकार घडवणे'. मी विद्यार्थिनी, बोक्या परीक्षक. तो माझं एकेक काम फोडणार, मग मला थोबाडीत देणार, आणि दर वेळी मी हात जोडून म्हणणार, "धन्यवाद, सर! अजून मार्गदर्शन करा!" बोक्या हसून हसून लोळला. पहिल्या वर्षापासून शेजारी बसून माती मळतोय आम्ही. दुसऱ्या कुणाबरोबर हे जमलंच नसतं.

१५ फेब्रुवारी
तालीम. थोबाडीत म्हणजे नुसता टाळीचा आवाज. शेवट ठरला — मी डोळे मिटून उजवा हात चौथऱ्यावर ठेवायचा. बोक्याने लोखंडी हातोडा खाली टाकून फोमचा उचलायचा आणि हाणायचा. फोमचा मीच रंगवला, गंजासकट!
दादा म्हणतो, "येतो बघायला. एवढी शिकून मार कसा खातेस ते तरी कळू दे."

२ मार्च
आज प्रयोग झाला.
प्लास्टरची डोकी फुटत होती, लोक खिदळत होते. पहिल्याच थोबाडीत कानात शिट्टी वाजली. वाटलं, रंगात आलाय. "धन्यवाद, सर!" दुसरीला ओठ फुटला. "अजून मार्गदर्शन करा!" टाळ्या! रक्त हनुवटीवर ओघळलं तशी पुढे बसलेली बाई म्हणाली, "अगदी खरं वाटतं, नाही?"
डोळे मिटले. हात ठेवला.
धाडकन काहीतरी पडलं. बघते तर दादा बोक्याच्या छातीवर बसलेला! गुडघा गळ्यावर. ठोशावर ठोसे. हाड मोडलेलं ऐकू आलं मला. "दादा, नाटक आहे हे!" लोक अजून टाळ्याच वाजवत होते. शेवटी मीच एक फुटका तुकडा त्याच्या पाठीत घातला, तेव्हा थांबला. धापा टाकत म्हणाला, "अगं, हातोडा लोखंडाचा होता."
खोटारडा! स्वतःला सावरून घ्यायला काहीही बोलतो.

३ मार्च
बोक्याचा जबडा मोडलाय. दादा कोठडीत. मी पोलिसांना जबाब दिला — भावाने विनाकारण मारलं.
आई म्हणाली, "सख्ख्या भावाला आत घातलंस?"
"मग काय, पाठ थोपटू त्याची?"
फाडकन मुस्काटात बसली. फुटक्या ओठावरच.
संध्याकाळी महाविद्यालयातल्या सरांचा फोन. प्रयोगाला पहिलं बक्षीस! 'इतका जिवंत शेवट' म्हणे.

४ मार्च
आई दादाचा डबा घेऊन चौकीत गेली. मी गेले नाही.

७ मार्च
दवाखान्यात गेले. बोक्याचे दात तारेने बांधलेत. म्हटलं, "दादाच्या वतीने माफी मागते."
त्याने मान हलवली. दातांतल्या दातांत म्हणाला, "नको मागूस. तुझा हात फोडायचाच होता मला. तुझं काम बघितलं की माझं उकिरड्यावर फेकावंसं वाटतं."
चौकीत निघालेय. जबाब बदलायला.