कडेला घडी पडलेली काच

४ मार्च
आज मी माझाच तुकडा कापला! गर्भाशयाच्या अस्तराचा, मेणात बसवलेला. इतकी वर्षं प्रयोगशाळेत दुसऱ्या बायकांचे कापले, कधी घडी पडली नाही. आज काचेवर घेतला तर कडेला घडी. राहू दे म्हटलं.

शेजारी सहकारी नणंदेचा कापत होता. तिला माझ्यासारखी हार्मोनची इंजेक्शनं नाहीत, म्हणून तुलनेला हवी होती. "एक चिमटाच ना वहिनी? घे!" बाहेर आली ती कण्हतच— "चिमटा म्हणे!"

आता सहकारी काचांना नंबर घालणार. कुणाची कुठली, हे शेवटीच कळायचं. प्रयोगशाळेच्या मॅडमनी बजावलंय, "तुझ्या काचेच्या वाटेला जाऊ नकोस."

९ मार्च
नणंद जेवायला होती. भांडी विसळता विसळता म्हणाली, "तुमचा एकच गर्भ उरलाय ना गोठवलेला? माझ्या पोटात ठेवा. दोन पोरांवर माझं दुकान बंद, जागा रिकामी. भाडं नको!"

मी हसले. नवरा हसला नाही. "विचार तरी कर," म्हणाला.

माझं बाळ तिच्या पोटात लाथा मारणार, आणि मी शेजारी बसून विचारणार, आता मारली का? नाही म्हणजे नाही!

१५ मार्च
काच पाहिलीच.

डॉक्टरीणबाई म्हणतात, अस्तर छान जाड आहे. जाडी काय चाटायचीय? हार्मोनने निरोप धाडला, तो पेशींनी ऐकायला हवा, एकमेकींना सांगायला हवा. नाहीतर गर्भ येतो, दार वाजवतो, परत जातो. माझ्याकडून दोनदा गेलाय.

निरोप पोचला की आमच्या रंगात पेशी तपकिरी दिसतात. त्या दिवशीच्या दोन काचा. एक फिक्कट, मुकी. दुसरी तपकिरी— काय सुंदर! आणि कडेला घडी. माझी!!

बाथरूममध्ये जाऊन रडले. फिक्कट काचेवर नणंदेला दोन पोरं कशी झाली, देव जाणे. तुकडा घेताना तिच्या पाळीच्या तारखा चुकल्या असतील.

१६ मार्च
मॅडम म्हणतात, नंबर उघडू देत, मग ठरव. नवऱ्याचंही तेच. माझी काच मी ओळखलीय, हे दोघांना कुठल्या तोंडाने सांगू?

नणंदेला फोन करून नको म्हटलं. जरा तोऱ्यातच. "बरं वहिनी," एवढंच म्हणाली.

२ एप्रिल
गर्भ माझ्यातच ठेवला. पडद्यावर ठिपका चमकला. नवरा माझ्या चपला हातात घेऊन उभा होता, खाली ठेवायचं त्याला सुचेना. वेडा!

१३ एप्रिल
नाही.

१४ एप्रिल
शेवटचा होता. माझ्यात आता बीजंही उरलेली नाहीत. मांडीवर इंजेक्शनांचे निळे डाग तेवढे आहेत. नणंद आली. माझे केस विंचरले, वेणी घातली, गेली. मला ओरडून रडायचं होतं. रडले नाही.

२९ एप्रिल
नंबर उघडले. फिक्कट काच माझी.

"पण घडी?" मी विचारलं.

"तुझी घडीवाली मी फेकली, नवी कापली," सहकारी म्हणाला. "नणंदेची पण दुमडली होती. पण तिचा तुकडाच संपला, मग तीच चालवून घेतली."

३० एप्रिल
नणंदेचा फोन. "काय गं निघालं माझ्यात? काही बिघडलंय का?"

म्हटलं, काही नाही. तुझ्याकडे राहिलं असतं.