करडईचं तेल आणि बारालाचा

६ जुलै, मनाली

सायकल मिळाली. निळी. एका हातानं उचलली! घरची काळी सायकल उचलायची तर दोन माणसं लागतात.

पहिलं काम — ह्यांची घंटी बसवली. कापडात गुंडाळून आणली होती. नोरबू म्हणून आमचा वाटाड्या आहे, लाहौलचा. त्यानं पाना दिला. म्हणाला, "दीदी, नयी सायकल को पुरानी घंटी?" म्हटलं, "हौ. रोज शेंद्रा के कंपनी को जाती थी ये." त्याला काय कळलं कोण जाणे. दोनदा वाजवून बघितली आणि हसला.

हे जाऊन तीन वर्षं झाली. ती काळी सायकल भिंतीलाच टेकून राहिली असती. शेजारची मंजुषा दवाखान्यात नर्स आहे. तिनं मला पुंडलिकनगरच्या मैदानात धरून धरून शिकवली. या वयात! पोरं हसायची. आता तिच्यामुळंच इथवर आले. मनाली ते लेह. सात बायका, नोरबू, आणि मागून सामानाची गाडी.

ती गाडीच वाईट. अभय स्टेशनवर काय म्हणाला ते लिहून ठेवते. "आई, एकदा जरी त्या गाडीत बसलीस, तर घर भाड्यानं द्यायचं आणि पुण्याला आमच्याकडं राहायला यायचं."

"आणि नाय बसले तर?"

"तर पुन्हा विषय काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

पोरगा वाईट नाही. मी एकटी आहे याची त्याला धास्ती वाटते. पण माझं घर, माझं वाचनालय, सकाळच्या सायकलवाल्या बायका — हे सगळं पेटीत भरून नेता येत नाही.

९ जुलै, रोहतांग उतरून

बर्फाला हात लावला. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. पुढचं वाचन माझं मीच केलं. हिमालयावरची पुस्तकं वाचनालयातून आणून आणून वाचली. कशातही लिहिलेलं नव्हतं की बर्फाला धुळीचा वास येतो.

ह्यांना दाखवायला हवं होतं. एवढंच.

११ जुलै, जिस्पा

नदीकाठी मुक्काम. पाय आपले नाहीत असं वाटतं. भाकरी थापली. दगडाच्या चुलीवर पीठ नीट भाजेना. वरून करडईचं तेल आणि शेंगदाण्याची चटणी. सगळ्याजणी तुटून पडल्या. नोरबूनं तीन खाल्ल्या. "दीदी, आप सायकल छोडो, ढाबा खोलो."

"पहले लेह तो दिखा रे बाबा."

१२ जुलै

थंडी. पेन चालेना. पेनाला काखेत धरून गरम केलं.

१४ जुलै, सकाळ, झिंगझिंगबार

नाव वाचून मंजुषाचं हसूच थांबेना.

आज बारालाचा. मोठी खिंड. कालपासून ब्रेक कुरकुरतात, धूळ गेली असणार. अंगावर काटा येतो त्या आवाजानं. हे दर रविवारी काळ्या सायकलीचे सगळे सांधे करडईच्या तेलानं पुसायचे. कुरकुरलं की तेल. आत्ता दोन्ही चाकांच्या चकत्यांना बोटानं छान तेल लावलं. आवाज बंद! कुणाला सांगितलंही नाही. एवढ्याशा कामाला कशाला उठवायचं?

१४ जुलै, संध्याकाळ, सार्चू

बसले गाडीत.

लिहून टाकलं. आता बाकीचं.

चढ फार सुंदर झाला. तिथंच घात झाला — चढावर ब्रेक कशाला लागतो? दिवसभर एकदाही दाबला नाही. वर एक तळं लागलं, मोरपंखी, कडेला बर्फ. मग खिंड. रंगीत पताका वाऱ्यानं फडफडत होत्या. नोरबू ओरडला, "की की सो सो ल्हारग्यालो!" खिंडीत पोचलं की इथं देवांच्या नावानं असं ओरडतात. माझ्याकडं वळून म्हणाला, "आप के उधर क्या बोलते?"

मेंढपाळाच्या घरात जन्मलेले मी. तोंडातून आपोआप आलं, "येळकोट येळकोट जय मल्हार!" मग काय, सातही जणी. धाप लागली तरी ओरडत होतो. मला रडू आलं, पण चांगलं.

मग उतार. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला. काहीच नाही. तुपातून सुरी जावी तशी सायकल निघाली. दरीची बाजू उजवीकडं होती. मी डावीकडं डोंगराच्या खडीत घातली आणि पडले. गुडघा सोलवटला, बाकी धड आहे.

नोरबूनं चकतीला बोट लावलं. वास घेतला.

"दीदी, ये क्या लगाया?"

"तेल."

"ब्रेक को?"

"आवाज करत था ना."

तो मटकन खाली बसला. मला वाटलं चिडला, तर हसत होता. या सायकलींचा ब्रेक चकतीलाच धरतो म्हणे. तेल लागलं की संपलं, पुसूनही जात नाही. ब्रेकचे नवे तुकडे पुढच्या मुक्कामी. काळ्या सायकलीला असली भानगड नाही, तिथं रबर लोखंडी कडेला घासतं. हे तेल लावायचे ते सांध्यांना, कडेला कधीच नाही. हे मला आत्ता आठवतंय.

म्हटलं, मी चालत येते. नोरबूनं खाली हात केला. एक नाला रस्त्यावरूनच वाहतो, दुपारनंतर बर्फ वितळून फुगतो. मी चालत गेले तर सगळ्याजणी नाल्याच्या अलीकडं अडकणार. रात्र उघड्यावर.

मंजुषा म्हणाली, "ताई, माझी सायकल घ्या. मी बसते गाडीत." या खिंडीसाठी तिनं दोन वर्षं रजा साठवली.

"गप गं," म्हटलं, आणि चढले.

टपावर सायकल बांधली होती. प्रत्येक खड्ड्याला घंटी वाजत होती. सार्चूपर्यंत वाजत होती.

जेवताना मंजुषा हळूच म्हणाली, "ताई, अभयला कोण सांगणार आहे?"

"मी."

१५ जुलै

नवे ब्रेक. चकत्याही बदलल्या. तेलाची बाटली नोरबूनं स्वतःच्या पिशवीत ठेवली. "ये मेरे पास सेफ है."

१८ जुलै, मोरे मैदान

एवढं मोठं सपाट मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मराठवाड्यातलं सपाटही यापुढं अंगण. रस्त्यावर बकऱ्यांचा कळप आला, लांब केसांच्या. पोरींनी घंट्या वाजवायला सुरुवात केली. मी थांबवलं — घंटी वाजवली की कळप फुटतो, मग त्या बाईनं दिवसभर गोळा करत फिरायचं का? उतरले, कडेला उभी राहिले आणि आमचा बाप जिभेनं जसं 'ट्र्र्र' करायचा तसं केलं. चार-पाच बकऱ्यांनी माना वर केल्या! कळपामागची बाई खो खो हसली. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. तिनं खारट चहा पाजला, मी चटणी दिली. तिच्या अंगाला अजिंठ्याकडच्या आमच्या मेंढ्यांच्या वाड्यावरचा वास. कळप कुणाचाही असो, वास तोच.

१९ जुलै, तांगलांग ला

चढले. सगळा. शेवटी वीस पावलं सायकल, मग थांबायचं, मग पुन्हा. वर पोचून ह्यांची घंटी वाजवली. पुष्कळ वेळ.

उतारही स्वतः उतरले. ब्रेक कुरकुरत होते. कुरकुरू दिले.

२१ जुलै, लेह

अभयला फोन. म्हटलं, बारालाच्याला बसले गाडीत.

"बरं वाटत नव्हतं?"

"ठणठणीत होते. ब्रेकला करडईचं तेल लावलं."

तिकडं नुसतं हसणं. मग म्हणाला, "न सांगतीस तर मला कळलं असतं का?"

"मला तर कळलं असतं."

सूनबाईनं, करुणानं, फोन घेतला. "आई, गॅलरीची खोली तुमची. पुस्तकांना फळ्या मारून घेते." चांगली आहे पोरगी. फोन ठेवल्यावर बाजारात गेले आणि जर्दाळू घेतले. अर्धे वाटेतच खाल्ले. बक्षीस म्हणून. पैज हरले तरी लेह आलंच ना!

३० जुलै, पुंडलिकनगर

घर बघायला एक जोडपं आलं. शेंद्र्यात नोकरी. मुलगी म्हणाली, "मावशी, भिंतीवरचा हा काळा पट्टा पुसला तर चालेल ना?" ह्यांची सायकल टेकून टेकून पडलेला.

"कळवते," म्हटलं. भाड्याचं की पट्ट्याचं, ते तिनं विचारलं नाही.

अभय म्हणतो, सामानाला आणि सायकलीला टेम्पो पाठवतो. तारीख सांग.

११ ऑगस्ट, नेवासा फाटा

टपरीवर चहा. काळी सायकल बाभळीला टेकवलीय. अभयचा फोन आला — "टेम्पो किती वाजता पाठवू?" म्हटलं, नको, मी पुण्याला निघालेय.

"कशानं?"

"सायकलनं."

मग म्हणाला, "आई, परत फीर. हरलो मी. घर कुणाला देऊ नकोस."

म्हटलं, आता मधूनच कशाला फिरू? करुणाला सांग, परवा दोन भाकरी जास्त टाक. चार दिवस राहीन. मग माझ्या घरी जाईन.