अंक नसलेले एक्केचाळीस फॉर्म

शनिवार, १४ मार्च

प्रिय पिटुकले,

एकोणीस दिवस तू माझा फोन उचलत नाहीस आणि सोमवारी संचालक मंडळ तुझा तत्त्वज्ञान विभाग बंद करण्यावर शेवटची सही करणार आहे, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. तुझे भावजी तुझा विषय काढतात आणि माझ्याकडे बघून पुन्हा पेपर उघडतात.

कॉलेजच्या जिन्यात सगळ्यांदेखत तू म्हणालीस, "ताई, तुझ्या चौकटीत माणूस मावत नसेल तर चौकट मोठी कर!" मीही म्हटलं, "आणि तू नोकरीचं नाव काढलं की नाक मुरडणं बंद कर!" माझं ते मत अजून तेच आहे. मुलं पोटासाठी शिकतात. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं ते त्यांना प्रयोगशाळेत काम मिळावं म्हणूनच. त्यात कमीपणा कसला?

उपप्राचार्य झाल्यावर तो फॉर्म मी काढला तोही त्यासाठीच. प्रत्येक विभागाने माजी विद्यार्थ्यांकडून भरून आणायचा : हा विषय कामात किती उपयोगी पडला, एक ते पाच. चौकटीत आकडा नसेल तर फॉर्म बाद. आणि तू काय केलंस? तुझ्या सगळ्या जुन्या मुलांना कळवलंस, आकडा घालू नका, वाक्यं लिहा. हट्टीपणात तू माझ्यावरच गेली आहेस.

ते फॉर्म लिपिकाने बाद केले, असं मी तुला सांगितलं. कागदावर तसं आहेही.

पण त्याने आधी मला विचारलं होतं. गठ्ठा घेऊन आला. "मॅडम, हे कशात धरू?" मी म्हटलं, "ठेवून जा." दुपारभर वाचत बसले. अतिदक्षता विभागातल्या एका परिचारिकेने लिहिलंय, "खोटा दिलासा आणि धीर यांतला फरक बाईंनी शिकवला. तो मला रोज लागतो. याला पाचपैकी किती द्यायचे, कळत नाही." लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण लिहितो, "तपासल्याशिवाय सही करत नाही. साहेब म्हणतात, हा फार वेळ खातो."

मग मी लिपिकाला बोलावलं. "नियम काय आहे?"

"आकडा नाही तर बाद, मॅडम."

"मग विचारतोस काय?"

अहवालात तुझ्या विभागापुढे शून्य लागलं. खाली सही माझी.

बहिणीसाठी नियम वाकवला, असं लोक म्हणाले असते. हे कारण मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं म्हणजे मला तुझा राग आला होता. तीस वर्षांत माझ्याविषयी कुणी असं एक वाक्य लिहिलेलं नाही.

विभाग वाचेलच असं नाही. तू मात्र सोमवारी अकराला मंडळापुढे ये. तुझी मुलं कुठे कुठे कामाला लागली ते नीट सांग, तोंड वाकडं न करता. बाकीचं मी सांगेन.

आज दुपारी बारा वाजता मंडळाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात दिलं :
मूळ फॉर्म, एक्केचाळीस.
अहवाल माझ्यामुळे चुकला असं निवेदन, दोन पानं. लिपिकाचा उल्लेख नाही.
राजीनामा जोडलेला नाही. मागितला तर देईन.
पोच घेतली आहे.

देणारी,
तुझी ताई