एक बाकी

चि. घुम्या यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पार्सल मंगळवारी दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: बँडचं काळं जाकीट एक (कोपरावर उसवलं होतं, टाका घातला आहे), माइक एक, माइकची वायर एक, आमच्या घराची जादा किल्ली एक, आणि माझा भाजीचा डबा एक, झाकणासकट. तिकिटं कमी लावली होतीस, त्यामुळे दंड धरून वरचे बावीस मी भरले. चिठ्ठी नव्हती. डबा उलटा करून पाहिला, जाकिटाचे खिसेही पाहिले. खिशात एक बटण निघालं, ते जागेवर लावून टाकलं.

तुझा घसा कसा आहे? आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. ह्यांची तब्येत उत्तम आहे, फक्त चार महिने झाले, बोलणं कमी केलं आहे. दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा लावून देताना ‘दिसतंय का’ एवढं विचारतात, घरी तेही नाही. (लहानपणी तू बोलायचा नाहीस म्हणून आईने तुला घुम्या नाव ठेवलं. एका घराण्यात एक घुम्या पुरे असं मला वाटत होतं.) तुझी आठवण इथे कोणी काढत नाही, हे आधीच सांगते, उगाच गैरसमज नको.

तू गेलास तेव्हा बँड आता मोडणार असं मी धरून चालले होते, आणि देवासमोर खोटं कशाला बोलू, सोळा वर्षांनी दिवाणखाना परत मिळणार म्हणून थोडं बरंही वाटलं होतं. पडदे धुवायला काढले. पण त्या कार्यक्रमाच्या दिवशी परत येताना गाडीत ह्यांचं तुझं जे झालं, त्यात हे बोलून बसले होते ना, की गायचं काय, कोणीही उभं राहून ओरडेल. (तुझीही चूक होतीच. तू शेवटचा सूर सोडेनास, ह्यांनी ड्रमवर तीनदा शेवट केला, लोकांनी तीनदा टाळ्या वाजवल्या, आणि तू आपला चालूच.) आता बोललेलं खरं करून दाखवणं आलं. तिसऱ्या रविवारी भूमितीचे सर गिटार घेऊन आले, वायरमन त्याची जाड तारांची गिटार घेऊन आला, आणि तुझ्याशिवाय सात गाण्यांचा अल्बम काढायचं ठरलं. पडदे ओलेच परत लावावे लागले.

मग कोणीही उभं राहून ओरडणारा शोधणं सुरू झालं. पहिला आला तो बँकेतला कॅशियर. आवाज बरा होता, पण डोळे मिटून गायचा आणि गाता गाता पुढे चालायचा. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो जिन्यात पोचला होता. दुसरे गृहस्थ बालरोगतज्ज्ञ. त्यांनी इतकं गोड गायलं की वायरमन, दिवसभर खांबावर चढून आलेला, भिंतीला टेकून झोपला. (डॉक्टर म्हणाले, हे माझ्याकडे नेहमीच होतं.) तिसऱ्याला ह्यांनी दारातूनच परत पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाले, उभा राहतो कसा बघितलंस का. मी बघितलं होतं. दोन्ही पायांवर राहतो, माणसासारखा. शेवटी सरांनी आणि वायरमनने सहा गाणी आपसात वाटून घेतली. सर गातात तेव्हा प्रत्येक ओळीनंतर ‘म्हणून’ येईल असं वाटतं, पण सूर सोडत नाहीत.

सातवं ते तुझं गाणं, आगबोटीचं. त्याला कोणी हात लावेना. पण खरी अडचण गाण्याची नव्हतीच, सुरुवातीची होती. तिघांपैकी कोणालाच कळेना की कुठलं वाद्य कुठे सुरू करायचं. चार रविवार घालवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की सोळा वर्षं हे तिघेही तुझ्या डाव्या टाचेकडे बघून वाजवत होते. तू श्वास घेतोस, टाच उचलतोस, ती खाली आली की ह्यांचं वाजवणं सुरू. आता टाचच नाही. सरांनी फळ्यावर कोष्टक मांडलं, वायरमनने लाल दिवा बसवून पाहिला (फ्यूज गेला, वरच्या मजल्यासकट), ह्यांनी ‘एक दोन तीन’ म्हणून पाहिलं, तर तीनवर सुरू करायचं की तीननंतर, यावर सर आणि वायरमन एकमेकांशी दोन दिवस बोलले नाहीत.

आता माझं ऐक. तुम्ही रविवारी वाजवायला बसलात की मी आत जपाला बसते, हे तुला माहीत आहे. पुण्य किती मिळालं ते देव जाणे, पण इतक्या वर्षांत तुमची गाणी माझ्या माळेत बसली आहेत. आगबोटीच्या गाण्यात सर सुरू करतात, नवव्या मण्याला वायरमन येतो, सतराव्याला हे, आणि एकतिसाव्याला तू. एका रविवारी बाहेरचा गोंधळ सहन होईना, म्हणून मी आतून नुसतं म्हटलं, “नऊ झाले, आता वायरमन.” बाहेर वाजवणं थांबलं. हे दारात येऊन उभे राहिले, हातात ड्रमच्या काठ्या. म्हणाले, “तुला काय कळतं?” कितीतरी दिवसांनी माझ्याशी आपणहून बोललेलं वाक्य. मी माळ दाखवली. ह्यांनी माळेकडे पाहिलं आणि बाहेर माझ्यासाठी खुर्ची मांडली.

तर अशी मी रेकॉर्डिंगला गेले. नवीन साडी घेतली नाही, तिथे कोणी बघणार होतं असं थोडंच. ती खोली म्हणजे पाव भाजायच्या भट्टीएवढी, भिंतींना गाद्या लावलेल्या (चांगल्या कापसाच्या, वाया घालवल्यात), आणि काचेपलीकडे एक दाढीवाला मुलगा बसलेला, त्याचं भाडं तासावर. हे मला आधी सांगायला नको होतं. मी मधोमध खुर्चीवर माळ घेऊन बसले, मणी आला की त्या त्या माणसाकडे बोट करायचं असं ठरलं होतं. पण समोर भिंतीवर घड्याळ, आणि काटा सरकतोय तो आपल्या पैशांवर. जीभ आपोआप भरभर चालायला लागली. पहिलं गाणं चार मिनिटांचं, ते अडीच मिनिटांत उरकलं. सरांच्या बोटाला फोड आला. दाढीवाला म्हणाला, “काकू, तुम्ही जोरात पळताय.” मी जागची हलले नव्हते. शेवटी ह्यांनी उठून घड्याळावर जाकीट टाकलं, तेव्हा माझा जप ताळ्यावर आला. (देवाचं नाव घेऊन मी ड्रम मोजत होते. ह्यात पाप असेल तर ते तिघांत समान वाटून घ्यावं, असं सरांनी सुचवलं आहे.)

दुसऱ्या दिवशी आगबोटीचं गाणं. कोणी गाणार नव्हतंच, तुझी जागा कोरी ठेवून नुसतं वाजवायचं आणि पुढचं पुढे पाहायचं, असं ह्यांनी ठरवलं. नववा मणी, सतरावा मणी, सगळं सुरळीत. एकतिसावा आला आणि मी चुकून रिकाम्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे फक्त झाडू होता. दाढीवाल्याने काचेवर टकटक करून थांबवलं. म्हणाला, “काका, इथे तुमचा ड्रम एकदम हळू का होतो? इथे कोणी गात नाहीये.” हे म्हणाले, “चुकलं.” परत घेतलं. परत एकतिसाव्या मण्याला ह्यांचा हात हलका पडला, तू गात असताना पडायचा तसाच, तुझा आवाज वर यावा म्हणून. चार वेळा घेतलं, चारही वेळा तेच. पाचव्यांदा दाढीवाल्याने विचारलंच नाही. वायरमन वायर तपासत खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही. सर काच पुसायला लागले, चष्म्याची नाही, खोलीची. मी तेवढी एक माळ पुरी केली.

निघताना एक फॉर्म भरायचा होता. तिघांचीही अक्षरं वाचण्यासारखी नाहीत, म्हणून पेन माझ्या हातात आलं. ‘सदस्य’ असं छापलं होतं. मी धोब्याचे कपडे मांडते तसंच मांडलं: एकूण चार, पैकी आले तीन, एक बाकी. पुढचा रकाना अल्बमच्या नावाचा होता, तो मला दिसलाच नाही, आणि माझी ओळ लांबत जाऊन शेवटचे दोन शब्द नेमके त्या रकान्यात पडले. मागच्या शनिवारी छापखान्यातून कव्हरचा नमुना आला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘एक बाकी’. सर म्हणाले, ताबडतोब दुरुस्त करून घेऊ. वायरमन म्हणाला, मी जाऊन येतो, सायकल खालीच आहे. ह्यांनी नमुना हातात धरला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “राहू दे. बरोबर आहे.”

त्यानंतर पुन्हा बोलणं बंद आहे. पण गप्प बसण्याची तऱ्हा बदलली आहे, ती मला कळते.

तुझ्या हॉटेलात लोक जेवत असताना हळू आवाजात गावं लागतं असं ऐकलं. ते काम वाईट नाही, पगार वेळेवर असतो, आणि एक वेळचं जेवण मिळतं ते वेगळं. तू सुखात असलास तर मला काही म्हणायचं नाही. हे पत्र फक्त पार्सल पोचल्याची पोच म्हणून लिहिलं आहे. तब्येतीला जप.

तुझी,
ताई

ता. क. आगबोटीच्या गाण्यातली तुझी जागा दाढीवाल्याने महिनाअखेरपर्यंत कोरी ठेवली आहे. शेवटच्या रविवारी सकाळी दहा ते बारा खोली रिकामी आहे, मी आगाऊ पैसे भरून ठेवले आहेत (दोन तासांचे. पाऊण तासात उरकलंस तर उरलेले परत मिळत नाहीत, विचारून घेतलं आहे, तेव्हा सावकाश गा).

ता. क. २. हे पत्र ह्यांना माहीत नाही.

ता. क. ३. ह्यांना माहीत आहे. मी आत डबे धुंडाळत बसले होते, तुझा नवा पत्ता लिहिलेला कागद सापडेना. परत येऊन बघते तर पाकिटावर पत्ता लिहून तयार, ह्यांच्या अक्षरात, पिनकोडसकट. कुठे पाहून लिहिलात विचारलं, तर दुकानाला उशीर होतोय म्हणून निघून गेले. आज दुकान बंद असतं.

ता. क. ४. येणार नसशील तर तसं सवडीने लिही, काही घाई नाही, पुढच्या वर्षी लिहिलंस तरी चालेल. येणार असशील तर मात्र उलट टपाली कळव.