पलंगावरचं घोडदळ

३ फेब्रुवारी, सकाळ
घराचा अधःपात नेमका कुठून सुरू होतो, या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं. चिमट्यापासून. माझा बारीक टोकाचा चिमटा निळ्या डबीत असतो आणि निळ्या डबीतच असला पाहिजे. तो आज चमच्यांच्या स्टँडमध्ये सापडला. बायकोने बोटातलं कुसळ काढायला नेला होता. म्हणाली, निघालं एकदाचं. मी म्हटलं, कुसळ निघालं, पण विश्वास गेला. म्हणाली, निळ्या डबीत बघा, असेल तिथेच.

असो. आजपासून संकल्प. नेपोलियनच्या काळातल्या घोडदळाचा हल्ला, पूर्ण डायोरामा, म्हणजे छोट्या पुतळ्यांचा देखावा. अठ्ठेचाळीस स्वार, एक टेकडी, एक ओढा. मॉडेल क्लबचं प्रदर्शन १९ एप्रिलला आहे, म्हणजे वेळ रग्गड. दुकानात चिलखतवाले जड स्वार मिळतात. मला हवेत हुसार, म्हणजे हलके स्वार, ज्यांच्या एका खांद्यावर दुसरं जाकीट नुसतंच लटकत असतं. तेव्हा जुनी डोकी उडवायची, नवी बसवायची, जाकिटं पुट्टीने घडवायची. छंदवाले याला कन्व्हर्जन म्हणतात. मी देहान्तर म्हणतो.

सहा फूट बाय तीन फुटांचं प्लायवूड मागच्या खोलीत बाबांच्या पलंगावर टाकलं. अगदी मापात बसलं. बाबा सध्या ताईकडे आहेत. सहा महिने तिच्याकडे, सहा महिने आमच्याकडे, असं ठरलंय. तिचे सहा महिने ३१ जानेवारीला संपले. पण सख्ख्या बहीण-भावात तारखा कोण मोजतो?

७ फेब्रुवारी
ताई मोजते. फोन आला होता. बाबांना कधी नेतोस, म्हणाली. त्यांना हल्ली नावं आठवत नाहीत, बटणं लागत नाहीत, आंघोळ घालावी लागते, हे सगळं पुन्हा एकदा सांगितलं. मी शांतपणे ऐकलं आणि म्हटलं, खोलीत पुट्टी वाळतेय, त्या वासाने त्यांनाच त्रास होईल. त्यांच्या प्रकृतीचा विचार शेवटी मलाच करावा लागतो.

१२ फेब्रुवारी
आज वीस शिरच्छेद. एकाच बैठकीत! ब्लेड नवं असलं की हात कसा चालतो. नवी डोकी अजून मागवलेली नाहीत, पण कामाची गती महत्त्वाची. पलंगावर वीस कबंध ओळीने उभे आहेत. बायको दारातून बघून म्हणाली, छान, आता यांनाही काही आठवायचा त्रास नाही. तिच्या विनोदाला हल्ली धार आलीय. दुर्लक्ष केलं.

१६ फेब्रुवारी
ताईला फोनवर समजावणं अशक्य, म्हणून सविस्तर पत्र पाठवलं. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात बावीस वर्षं नकाराची पत्रं लिहिण्यात गेली. लोक पत्र दोनदा वाचतात तरी नकार सापडत नाही, अशी माझी ख्याती आहे. लिहिलं: आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार चालू असून, खोलीची स्थिती अनुकूल होताच आपणांस कळवण्यात येईल.

संध्याकाळी तिचा मेसेज: “हा क्लेम नाही, बाप आहे.”

शैली रांगडी. लहानपणापासूनच.

२४ फेब्रुवारी
पुट्टीचं तंत्र जमलं. निळी आणि पिवळी पट्टी मळून हिरवी करायची, मग घडवायची. फक्त बोटांना चिकटते. क्लबातला डेंटिस्ट बोटांना पाणी लावतो. मी विचार करून व्हॅसलीन लावलं. काय गुळगुळीत जाकिटं झाली! डेंटिस्टला दाखवली, तर म्हणाला, हे जाकीट आहे का? मला वाटलं, याचा खांदा सुजलाय. हा माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो. त्याच्याकडून सौंदर्यदृष्टीची अपेक्षा नाही.

५ मार्च
रंगाच्या कंपन्या बेइमान झाल्या आहेत. निळा रंग जाकिटावर लावला की थेंब थेंब होऊन खाली घोड्यावर उतरतो. सगळे स्वार घामाघूम दिसतात. बायको म्हणाली, व्हॅसलीनवर रंग कसा बसेल हो, आधी साबणाने धुवा ना. धुतले. जाकिटं निघून आली.

रंगाच्या कंपनीला पत्र लिहितोय.

११ मार्च
घोड्यांचं पार्सल आलं. स्वार एका कंपनीचे, घोडे दुसरीचे. स्केल म्हणून काही असतं, हे मला ठाऊक आहे. ते डब्यावर इतक्या बारीक अक्षरांत का छापतात, हे ठाऊक नाही. स्वार वर बसवले तर पाय जमिनीला लागतात. बकरीवर बसल्यासारखे दिसतात. बायको इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

सुधारित योजना: अठ्ठेचाळीसऐवजी बारा. बाराच, पण प्रत्येक स्वार म्हणजे शिल्प. गर्दीने कला मरते.

१९ मार्च
बाबांना न्हाणीघरातून उचलताना ताईची पाठ भरली. डॉक्टरने आठ दिवस झोपून राहायला सांगितलंय. भाऊजींचा फोन बायकोने घेतला. फोन ठेवल्यावर ती मागच्या खोलीत आली आणि म्हणाली, ही फळी उचला, मी आजच बाबांना घेऊन येते. मी म्हटलं, बोलायला सोपं आहे, ओढ्याचं रेझिनचं पाणी कालच ओतलंय, वाळायला बहात्तर तास लागतात, हलवलं तर लाटा येतील. तिने पिशवी भरली आणि ताईकडे गेली.

ओढा मात्र सुंदर झालाय.

२४ मार्च
बायको परतली. पाच दिवस मी बाहेरून आणून जेवलो, याबद्दल एका शब्दाने विचारपूस नाही. बाबा रोज तुमचं नाव घेऊन विचारतात, म्हणाली. कधी येतो, म्हणतात. मी विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, तुमची खोली तयार करतायत, असं सांगितलं. चार दिवस रोज सांगितलं. पाचव्या दिवशी माझ्याच्याने होईना.

अगदी योग्य उत्तर दिलं होतं तिने. बदलायचं कारण नव्हतं.

खोलीच्या दारावर पाटी लावली: हात लावू नये. काम चालू आहे.

३ एप्रिल
सहा स्वार. सहाच. बाकीचं घोडदळ टेकडीआड आहे, असं दाखवायचं. टेकडीमागून कापसाची धूळ उठेल. न दाखवता सुचवणं हे प्रगल्भतेचं लक्षण, हे आपल्या पूर्वजांना कळत होतं. डेंटिस्टला कळणार नाही. त्याचे तीस तयार आहेत. घोड्यांना दातसुद्धा केलेत म्हणे. व्यवसायाची खोड.

आज दोन स्वारांची तलवार डाव्या हातात बसली. डावखुरी तुकडी असं नाव देऊन टाकलं.

१० एप्रिल, दुपारी ४
ताई आणि भाऊजी न कळवता बाबांना घेऊन आले. डॉक्टरकडून परतताना वाटेवरच घर पडतं, म्हणाली. हे नियमाला धरून नाही, पण दारात काय बोलणार?

बाबा आत आले. दाराची चौकट ठेंगणी आहे, तिथे पूर्वीसारखे वाकले. कुणी सांगितलं नाही. बायकोला म्हणाले, सूनबाई, गुडघा कसा आहे? खुंटीवर त्यांचा टॉवेल शोधला. मग सरळ मागच्या खोलीकडे निघाले. मी पुढे झालो, पण पाटी त्यांनी वाचली नसावी.

पलंगाकडे बराच वेळ बघत उभे होते. मी म्हटलं, बाबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, नमस्कार. खुर्चीच्या कडेवर टेकले, परक्या घरात बसतात तसे. हे सगळं तुम्ही केलंत? हो म्हटलं. छान आहे, म्हणाले. एक घसरलेला स्वार तळहातावर घेतला. मी दुसरा नाकाशी धरून जाकिटावरची नक्षी दाखवली.

मग म्हणाले, माझ्या मुलालाही असाच नाद आहे. फार हुशार. संस्कृतात कायम पहिला. हाती घेतलेलं पुरं मात्र करत नाही. मी म्हटलं, असं का? म्हणाले, स्वभाव आहे. सध्या माझ्यासाठी खोली तयार करतोय. काम नेटकं असतं त्याचं, म्हणून वेळ लागतो. झाली की येईल न्यायला.

दारात ताई उभी होती. पाठीला पट्टा होता. ती दुसरीकडे बघायला लागली.

बाबा उठले. स्वार होता तिथे ठेवला आणि म्हणाले, तुमचं चालू द्या, आम्ही उगाच मध्ये आलो. चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी बायकोला समजावून सांगितलं की या आजारात असंच होतं. जवळची माणसं आधी पुसली जातात. वाचलेलं आहे मी. ती म्हणाली, मी तर त्यांच्या रक्ताचीही नाही, माझा गुडघा बरा लक्षात राहिला. आजार काही तर्कशास्त्र शिकलेला नसतो, असं मी तिला सांगितलं.

१९ एप्रिल, प्रदर्शन
तीन स्वार पोचले. एकाचं डोकं टेम्पोत पडलं. उरलेल्या दोघांपैकी एक डावखुरा. परीक्षकांनी कापूस उचलून विचारलं, पॅकिंग अजून काढलं नाही का? मी म्हटलं, ती धूळ आहे. घोडदळ टेकडीमागे आहे. त्यांनी खरंच वाकून टेकडीमागे पाहिलं.

डेंटिस्टला पहिलं बक्षीस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ओढा चांगला जमलाय. तीन वेळा म्हणाला.

२२ एप्रिल
ताईचा फोन. आवाज अगदी साधा होता. म्हणाली, बाबा आता माझ्याकडेच राहतील, दिवसभराची बाई लावलीय, तू खोलीची काळजी करू नकोस. मी म्हटलं, अगं, खोली आता मोकळीच आहे, फळी गॅलरीत ठेवलीय. म्हणाली, राहू दे. त्या दिवसापासून त्यांनी तुझं विचारणंच बंद केलंय. बरं झालं, त्रास कमी.

म्हणजे मी अडीच महिने जे मागत होतो, ते मिळालं.

मग हसत म्हणाली, किती घोळ होतो बघ त्यांचा. त्या दिवशी तुझ्याकडून निघालो, तर गाडीत मला म्हणतात, त्याला चष्मा बदलायला सांग, वस्तू नाकाला लावून बघतो, डोळे घालवून बसेल. अरे, आमच्या ह्यांचा चष्मा तर गेल्याच महिन्यात बदललाय! मी म्हटलं, हो, घोळच. आणि फोन ठेवला.

जाकिटावरची नक्षी दाखवायला त्या दिवशी एक स्वार मी नाकाशी धरला होता. भाऊजी तेव्हा बाहेर गाडीजवळ होते.

बाबांनी मला ओळखलं होतं. पलंगाकडे बघतानाच ओळखलं असणार. आता त्यांच्यासमोर जायची मला भीती वाटते.