एमेटला आठव्या इनिंगमध्ये का काढलं

बकथॉर्न, नेब्रास्का
रविवार, दुपार

प्रिय व्हर्नन मामा, आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रिय डोरिस मामी,

तुम्हा दोघांना नमस्कार. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं आणि पट्टी निघेपर्यंत त्यांनी वाचायचंही नाही आणि ट्रॅक्टरही चालवायचा नाही, असं आईकडून कळलं. (ट्रॅक्टरचं ते ऐकतील असं वाटत नाही. मामी, किल्ली पिठाच्या डब्यात ठेवा, तिथे ते कधी हात घालत नाहीत.) गारांनी गव्हाचं फार नुकसान केलं का? म्हातारा रस्टी अजून पोस्टमनवर भुंकतो का? मामांचा उजवा खांदा कसा आहे हे मी विचारत नाही, कारण उत्तर "झकास" असंच येणार. मामी, तुमचं बिटाचं लोणचं संपलं. आई-बाबा बरे आहेत, फक्त गेल्या शनिवारपासून गावातले लोक त्यांच्याशी घरात कुणी गेल्यासारखं हळू आवाजात बोलतात. त्याला कारण मी आहे. तुमच्याकडे रेडिओ लागतो, तेव्हा अर्धी गोष्ट तुमच्या कानावर आलीच असेल. उरलेली अर्धी माझ्याकडून ऐका, आणि मग काय रागवायचं ते रागवा.

आपल्या घरातली पहिली पदवी माझी. आईने ती फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगली आहे, त्यामुळे आमच्याकडे बातम्या बघायला बसलेल्या माणसाला आधी माझं नाव वाचावं लागतं. शरीराच्या हालचालींचं शास्त्र मी मन लावून शिकले, आणि त्याच कॉलेजने बेसबॉल संघाची सहायक कोच म्हणून मला वर्षभराच्या बोलीवर ठेवलं, तेव्हा शास्त्र, मेहनत आणि खरं बोलणं एवढ्यावर कुठलाही संघ सुधारता येतो अशी माझी खात्री होती. (मामी, हसू नका. अजूनही आहे.)

संघ मात्र अजून कशालाच बधलेला नाही. आमच्या पिचरांच्या हातात वेग भरपूर आहे, पण चेंडू कुठे जायचं ते स्वतःच ठरवतो. बायसनचा मुखवटा घालून प्रेक्षकांना हसवणारा मुलगा आता आधी हेल्मेट घालतो आणि मग त्यावर बायसनचं डोकं चढवतो. सामन्याआधी प्रार्थना म्हणणारे पाद्री पूर्वी मैदानाच्या मधोमध उभे राहायचे, हल्ली ते गाड्या लावायच्या जागेतून आशीर्वाद देतात. आणि फटक्यांचं विचाराल, तर आमच्या बॅटी इतक्या कोऱ्या राहिल्या आहेत की खेळाच्या सामानाच्या दुकानदाराने त्या परत घ्यायची तयारी दाखवली. गेल्या शनिवारपर्यंत या मोसमात आम्ही एकही सामना जिंकला नव्हता.

मोसमाच्या सुरुवातीला मी मुख्य कोच हॅनिगन यांच्याकडून एकच शब्द घेतला होता. कुठलाही पिचर थकला आणि त्याचा हात दुखायला लागला, तर त्याला मैदानातून बाहेर काढायचं. मग सामना कसाही चालू असो, आणि कोण काय म्हणो. कोचांनी हातावर हात मारून हो म्हटलं. तेव्हा बाहेर बर्फ होता, आणि बर्फात माणूस कशालाही हो म्हणतो.

तर शनिवारी मिल क्रीकचा संघ आमच्याकडे आला. आमचा पिचर होता एमेट स्लावीक. उंच, अबोल, हातात विजेसारखा वेग, आणि बाकीच्यांसारखाच बेताल. दुसऱ्याच इनिंगमध्ये त्याने एवढे वेडेवाकडे चेंडू टाकले की मिल क्रीकचे फलंदाज एकामागून एक फुकटात बेसवर गेले आणि बॅट न उगारता त्यांच्या दोन धावा झाल्या. (मामी, चार चेंडू चुकीचे पडले की फलंदाजाला पहिल्या बेसवर चालत जाऊ देतात. बेस भरलेले असतील तर पुढच्याला ढकलत ढकलत घरापर्यंत, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या प्लेटपर्यंत, आणि मग धाव होते.) मी मनात म्हटलं, झालं, आजचाही सामना गेला. मग तिसरी, चौथी आणि पाचवी इनिंग गेली. एमेट मधूनमधून कुणाला फुकट बेस देत होता, पण त्याचा चेंडू बॅटवर काही कुणाला धड घेता येत नव्हता. सहाव्या इनिंगमध्ये आमच्या बाकावरचं बोलणं एकाएकी थांबलं. मी फळ्याकडे पाहिलं. मिल क्रीकचे फटके शून्य.

पुढचं मामांना सांगायला नको. मामींसाठी सांगते. पिचरने अख्ख्या सामन्यात, म्हणजे नऊ इनिंगमध्ये दर वेळी तीन गडी बाद होईपर्यंत, समोरच्यांना एकही खरा फटका मारू दिला नाही तर त्याला नो-हिटर म्हणतात, आणि तो चालू असताना त्याबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, आणि जो जिथे आहे त्याने तिथून हलायचं नाही, नाहीतर नशीब फिरतं. कोच हॅनिगन उलट्या बादलीवर बसले होते, ते तिथेच पुतळा झाले. एकाने सूर्यफुलाच्या बिया तोंडात टाकल्या होत्या, तो त्या थुंकायलाही घाबरू लागला. आणि लॉनी बर्ग, ज्याला मैदानात चेंडू झेलता येत नाही पण बॅट मात्र फिरवता येते (आमच्यात असा तो एकटाच), नेमका त्या वेळी बाकामागच्या संडासात होता. तो बाहेर यायला निघाला तसा कॅचर ओचोआने दार बाहेरून दाबून धरलं.

"तू आत गेलास आणि दोन गडी बाद झाले. बस तिथेच."

"अरे पण माझं झालंय!"

"मग परत कर!"

आम्ही दोन धावांनी मागे होतो, आमचा स्वतःचा फटका एकही नव्हता, आणि तरी सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. वर्षभर ज्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली होती ते लोक कुंपणाला नाक लावून उभे होते. हॉटेल चालवणारी व्हर्ला गिऱ्हाइकांना तशीच सोडून ॲप्रनवर आली होती.

आणि मी एमेटचं कोपर बघत होते. सातव्या इनिंगमध्ये तो बाकाच्या टोकाला एकटा येऊन बसला, तेव्हा त्याने पाण्याचा पेला डाव्या हाताने घेतला. तो उजव्या हाताचा आहे. चेंडूंचा आकडा मी ठरवलेल्या हद्दीच्या कधीच पलीकडे गेला होता, कारण जो पिचर इतके चुकीचे चेंडू टाकतो त्याला बरोबर चेंडूही तेवढेच जास्त टाकावे लागतात. मी एकदा उठले आणि बसले. पुन्हा उठले, तर बिया तोंडात असलेल्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बसले.

आठव्या इनिंगमध्ये एमेटने पहिले दोघे फुकट सोडले. दुसऱ्याला टाकलेला शेवटचा चेंडू प्लेटच्या आधीच जमिनीवर आपटला. मी कोचांकडे पाहिलं. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. ती मी परवानगी समजले आणि निघाले. मैदानातल्या चुन्याच्या रेषेवर पाय देणं अपशकुनाचं असतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण मी एमेटच्या कोपराकडे बघत चालले होते आणि पाय नेमका रेषेवरच पडला. मामा, सगळ्या गावाने एकदम श्वास आत घेतलेला तुम्ही कधी ऐकला आहे का?

ओचोआ मुखवटा वर करून धावत आला.

"कोच, परत फिरा. तुम्ही इथे आलाच नाहीत असं समजतो आम्ही."

"एमेट, हात सरळ कर," मी म्हटलं.

"सरळच आहे."

"हा सरळ?"

"माझा थोडा वाकडाच असतो. जन्मापासून."

"जन्मापासून कुठला, सहाव्या इनिंगपासून," ओचोआ म्हणाला, आणि मग जीभ चावली.

एमेटने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो माझ्याशी अगदी हळू बोलला. "सहाच जण राहिलेत, कोच. माझं नाव या गावात कुणाला माहीत नव्हतं. आज बघा ना, सगळे उभे आहेत. सहा जणांनी काय होतंय?"

मी म्हटलं, हात जाईल.

"व्हर्नन वेट्झेल बाहेर गेले होते का?"

मामा, त्याला माहीत नव्हतं की व्हर्नन वेट्झेल माझे मामा आहेत. त्याला फक्त व्हर्लाच्या हॉटेलातला तुमचा फोटो माहीत आहे. काउंटीच्या अंतिम सामन्यात अंधार पडेपर्यंत तुम्ही एकटे टाकत राहिलात आणि लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं, तो. हा मुलगा त्या फोटोखाली वाढला आहे. मी नुसता चेंडूसाठी हात पुढे केला. मग एमेटने चेंडू माझ्या हातात ठेवला. डाव्या हाताने.

पुढचं चटकन सांगते, कारण ते कुणालाच ऐकायचं नसतं. नव्या पिचरच्या पहिल्याच चेंडूवर मिल क्रीकच्या फलंदाजाने सणसणीत फटका मारला आणि नो-हिटर गेला. कुंपणाजवळून एक आवाज आला, "घ्या! शिकलेल्या बाईंनी दिवा लावला!" पण आमच्या पोराने चेंडू उचलून असा नेमका फेकला की घराकडे पळणारा धावपटू बाद झाला, आणि पुढच्या चेंडूवर एकदम दोघे. धाव एकही नाही. आता नशीब मोडलंच होतं, त्यामुळे कोच बादलीवरून उठले, बिया थुंकल्या गेल्या, आणि मी जाऊन संडासाचं दार उघडलं.

नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये आमची पाळी आली तेव्हा मिल क्रीकचा पिचरही थकला होता आणि त्याने आमच्या दोघांना फुकट बेस दिले. (त्याला कुणी काढलं नाही. त्याच्याकडे शिकलेली बाई नव्हती.) लॉनीला मी बॅट देऊन पाठवलं. इतका वेळ बसून त्याचे दोन्ही पाय बधिर झाले होते, तो पाण्यातून चालल्यासारखा प्लेटपर्यंत गेला. पण हात जागे होते. चेंडू दोन खेळाडूंच्या मधोमध पडला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि चेंडू कुंपणापर्यंत घरंगळत गेला. पुढचे दोघे घरी पोचले. लॉनीने मधल्या बेसवर थांबायला हवं होतं, पण थांबायला पायांचा ताबा लागतो. तो तसाच पुढे धडपडत गेला, त्याला बाद करायच्या घाईत मिल क्रीकवाल्याने चेंडू तिसऱ्या बेसवरून पार गवतात फेकला, आणि लॉनी शेवटचं अंतर हातापायांवर रांगत आला. तीन विरुद्ध दोन. मोसमातला पहिला विजय.

कुणीही ओरडलं नाही. लोक टोप्या सारख्या करत गाड्यांकडे गेले. कोच हॅनिगननी माझा हात हातात घेतला आणि, "जिंकलो आपण. काय करणार," असं म्हणाले. व्हर्लाच्या हॉटेलात गेले तर तिने समोर गार कॉफी ठेवली. मी ॲपल पाय मागितला.

"संपला."

"व्हर्लाबाई, तो काचेत दिसतोय."

"तो जिंकलेल्यांसाठी आहे."

"आम्ही जिंकलो!"

"तू जिंकलीस गं," ती म्हणाली, आणि वर तुमच्या फोटोवरची धूळ पुसायला लागली.

एमेटचे वडील, स्लावीक काका, माझ्या गाडीपाशी थांबले होते. ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "असा दिवस आमच्या घरात परत येणार नाही, पोरी." सोमवारी डॉक्टरांनी कोपर तपासलं. आतला स्नायुबंध सुजला आहे, तुटलेला नाही. उन्हाळाभर विश्रांती घेतली तर बरा होईल, आणखी टाकत राहिला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. "सांगता येत नाही म्हणजे काही झालं नसतं," स्लावीक काका म्हणाले. आता एमेट सरावाला येत नाही. येत्या पंधरवड्यात तो पलीकडच्या गावाच्या संघाकडून टाकणार आहे, तिथला मॅनेजर हवं तेवढं टाकू देतो म्हणे. मी दोनदा त्याच्या दारात जाऊन आले. शास्त्र सांगितलं, कोपराचं चित्र काढून दाखवलं. त्याने ते नीट पाहिलं आणि म्हणाला, "व्हर्नन वेट्झेलचा हात तर झकास आहे. सगळे सांगतात."

असो. कॉलेज मला पुढच्या वर्षी ठेवील की नाही माहीत नाही, पण मी केलं ते बरोबर केलं, आणि तसाच प्रसंग आला तर पुन्हा तेच करीन. लोकांच्या बोलण्याची मला भीती वाटत नाही.

डोळ्याला जपा. रस्टीला माझ्याकडून कान ओढून सलाम.

तुमची भाची,
मार्ली

ता. क. भीती वाटत नाही हे खरं आहे, पण गाडी मी हल्ली चर्चच्या मागे लावते.

ता. क. २. मामा, एक विनंती आहे. पुढच्या रविवारी एमेटला आणि स्लावीक काकांना तुमच्याकडे जेवायला घेऊन येऊ का? तुम्ही बोलावलंत म्हटल्यावर ते धावत येतील. तुम्ही त्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगा, नेहमी सांगता तशी, काही न वगळता.

ता. क. ३. (मामी, हे फक्त तुमच्यासाठी, मोठ्याने वाचू नका.) गोष्ट संपली की मामांकडे बिटाच्या लोणच्याची बरणी मागा. वरच्या फळीवरची. दर वेळी मामांच्या आधी तुम्ही उठता आणि ती काढता, पाहुण्यांना काही कळत नाही, आणि मलाही मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं. या वेळी तुम्ही उठू नका.

ता. क. ४. पाकीट चिकटवताना आठवलं, की मामी, तुम्ही "मोठ्याने वाचू नका" हेसुद्धा मोठ्याने वाचता. म्हणजे मामा, तुम्ही सगळं ऐकलंतच. मग तुम्हालाच सरळ विचारते. त्या मुलासमोर बरणी तुम्ही काढायला जाल का? उजव्या हाताने?